"लई महाग लावलंय वो!" असं गिऱ्हाईक म्हणालं की काय बोलायचं?

रविवारची सकाळ. कोगनोळीच्या हायवेकडेला पाटी मांडलेली, रोहू-कटला बर्फावर. गाडी थांबते, काच खाली होते. "काय भाव?" "दोनशे वीस." "लई महाग लावलंय की! निपाणीत दोनशेला मिळतोय."

इथं आपली दोन चुका करायची सवय आहे. एक, रागानं "मग तिकडनंच घ्या" म्हणायचं. दुसरी, लगेच "बरं, दोनशे द्या" म्हणायचं. पहिल्यानं गिऱ्हाईक जातं. दुसऱ्यानं त्याला वाटतं, आधी वीस रुपये जादाच लावले होते. पुढच्या रविवारी ते एकशे ऐंशीपासून सुरुवात करतं.

आधी आपला हिशेब बघा. आकडे नमुन्याचे आहेत, आपापले घाला. १० किलो मासा १४० नं घेतला, १४०० झाले. बर्फ १२०, पेट्रोल १५०, पिशव्या-किरकोळ ८०. एकूण १७५०. त्यातला किलोभर उरतो नाहीतर खराब होतो, विकला जातो ९ किलो. २२० नं १९८० आले. हातात राहिले २३०. आता प्रत्येकाला वीस रुपये सोडले तर ९ किलोला १८० गेले. दिवसभर उन्हात बसून उरले ५०. गिऱ्हाइकाला वीस रुपये किरकोळ वाटतात, पण आपल्या घरात ती दिवसाची कमाई असते.

"महाग" म्हणणारं प्रत्येक गिऱ्हाईक सारखं नसतं. ते का म्हणतंय ते ओळखा.

१. ताजेपणाची शंका. २०१८ साली गोव्यात फॉर्मेलिनचा बोभाटा झाला, बाहेरच्या राज्यातले मासे काही दिवस बंद केले होते. तेव्हापासून लोक बिचकतात. इथं भावावर वाद घालू नका. कल्ला उघडून लालभडक दाखवा, डोळा दाखवा, बोटानं दाबून बघा म्हणा. "कालचा न्हाई काकू, पहाटेचा आहे" हे खरं असेल तरच बोला.

२. दुसऱ्याच्या भावाशी तुलना. "तिथं साफ करून देतात का? मुंडीसकट तोलतात की काढून?" एवढंच विचारा. साफ केल्यावर किलोचा किलो राहत नाही, हे गिऱ्हाइकाच्या समोर तोलून दाखवा. शेजारच्या विक्रेत्याला मात्र नावं ठेवू नका.

३. खरंच पैसे कमी आहेत. त्याचा मान ठेवा. "मावशी, चिलापी घ्या, स्वस्त पडंल," किंवा "अर्धा किलो घ्या, मुंडी कालवणाला देतो." भाव तोच ठेवून माल बदलला की दोघांचंही भागतं.

४. नुसती सवय. हे गिऱ्हाईक घेणारच असतं. हसून म्हणा, "दादा, भाव एकच, तुकडे पाहिजे तसे करून देतो." भाव सोडण्यापेक्षा सेवा द्या: साफसफाई, जादा बर्फ, कोथिंबिरीची काडी.

मरळीचा भाव ऐकून तर लोक हबकतातच. तेव्हा सांगा, हिच्यात बारीक काटे नसतात, पोराबाळांना बिनघोर घालता येते. कारण कळलं की भाव पटतो.

जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर ६१ दिवस समुद्रातली मासेमारी बंद असते. बांगडा-सुरमई कमी येते, नदी-तळ्याच्या माशाला मागणी वाढते. तेव्हा भाव थोडा चढला तर कारण सांगा, पण नेहमीच्या गिऱ्हाइकाला ओरबाडू नका. श्रावणात मागणी पडल्यावर तेच आपल्याला सांभाळून घेतात.

तीन गोष्टी पक्क्या करा. भावाची पाटी मोठ्या अक्षरात लावा, म्हणजे गाडी बघून भाव सांगतात असं कोणी म्हणणार नाही. काटा दरवर्षी शिक्का मारून घ्या आणि आकडा गिऱ्हाइकाकडं करा. संध्याकाळी भाव उतरवायचा असेल तर ठरल्या वेळेपासून सगळ्यांना सारखा उतरवा. घासाघीस करणाऱ्याला स्वस्त आणि गुमान घेणाऱ्या नेहमीच्याला महाग, असं झालं तर चांगलं गिऱ्हाईक तुटतं.

आणि एखादं गिऱ्हाईक तरीही निघालंच, तर गोड बोलून पाठवा. "बरं ताई, पुढच्या वेळी या." निपाणी-कागलच्या वाटेवरचं माणूस परत त्याच वाटेनं येतं. तोटा खाऊन विकलेला मासा मात्र परत येत नाही.

तुमच्या पाटीवर "महाग" म्हणणाऱ्याला तुम्ही काय उत्तर देता? खाली लिहा, दुसऱ्यांच्या उपयोगी पडेल.