गुडघ्याचे मलम आणि सोयाबीनची पिशवी

तळेगाव (श्यामजी पंत) परिसरात सोयाबीनची सोंगणी आटोपली, की गुडघे आणि कंबर बोलू लागतात. मग दुकानातून वेदनाशामक गोळ्या येतात. त्या आठवडेच्या आठवडे घेतल्या, तर जठराला व्रण आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. मलम त्या मानाने सुरक्षित. पण चोळलेले बहुतेक औषध कातडीवरच राहते.

त्याला अडवणारा थर जेमतेम मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका. मृत पेशींच्या विटा आणि मध्ये चुन्यासारखे स्निग्ध पदार्थ. तेलकट, छोटे रेणू यातून झिरपतात. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणी करणाऱ्यांना विषबाधा झाली, तेव्हा श्वासाबरोबर त्वचा हीदेखील विषाची वाट होती. इन्सुलिनसारखा मोठा रेणू मात्र बाहेरच थांबतो.

फॉस्फोलिपिड पाण्यात मिसळले, की त्याच्या अतिसूक्ष्म पिशव्या बनतात. त्यांना लायपोसोम म्हणतात आणि त्यासाठीचे फॉस्फोलिपिड बऱ्याचदा सोयाबीनच्याच लेसिथिनमधून येते! मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी अशा पिशव्यांत भरलेले अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीविरोधी औषध रुग्णांना दिले. मूत्रपिंडाला होणारा त्याचा त्रास त्यामुळे कमी होतो. ते मात्र शिरेतून द्यायचे औषध. त्वचेतून जायला साधा लायपोसोम फार ताठर पडतो.

म्युनिकचे ग्रेगोर सेव यांनी 1990च्या दशकात त्यात साबणासारखा एक घटक मिसळून पिशवी लवचिक केली. लावलेल्या जेलमधले पाणी उडू लागले, की ती ओलाव्याच्या ओढीने, अंग चोरून, आतल्या थराकडे सरकते, असे त्यांचे म्हणणे. पिशवी अखंड आत शिरते की वरच फुटून औषध सोडते, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही.

गुडघेदुखीवरच्या चाचणीत या पिशव्यांत केटोप्रोफेन भरले होते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ते जेल सेलेकॉक्सिबच्या गोळीच्या तोडीस उतरले. पण औषध न भरलेल्या रिकाम्या पिशव्यांचे जेलही तितकेच उतरले! मग गुण कोणाचा? स्निग्ध द्रव्य सांध्यात वंगणाचे काम करते, असा एक तर्क आहे. रोज जेल लावण्याने वाटणाऱ्या बरेपणाचाही वाटा असेल. तेव्हा डबीवर ‘नॅनो’ छापले म्हणून दुप्पट पैसे मोजण्याची घाई नको.

सांधेदुखीला साधे डायक्लोफिनॅकचे जेल अनेकांना पुरते. ते जखम नसलेल्या त्वचेवर दिवसातून तीन-चारदा लावायचे, हात धुवायचे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय वरून तीच गोळी घ्यायची नाही.