उशाला किती उशा लागतात?

पहिलटकरीण माहेरी असते. पाय सुजले, चार पावलं टाकताच दम लागला, की घरातली जाणती बाई म्हणते, ‘अंगात रक्त नाही, डिंकाचे लाडू खा.’ पुष्कळदा ते खरंही असतं. पण पाठ टेकताच धाप लागणं, रात्र बसून काढावी लागणं, खोकला न थांबणं हा नुसता अशक्तपणा नव्हे. हृदयाचा स्नायू दुबळा झाला असेल, तरीही असंच होतं.

हा आजार म्हणजे पेरिपार्टम कार्डिओमायोपथी. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत तो धडधाकट बाईलाही गाठतो. टूडी इकोत हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद ४५ टक्क्यांखाली दिसते. एरवी ती ५५ च्या वर असते. आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात, त्या मुख्यतः बाळासाठी. त्यांनी आईलाही विचारावं: दम न लागता झोपायला उशाला किती उशा लागतात?

चंदगड किंवा गगनबावड्याहून १०८ ने कोल्हापूरला थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरला आणताना अशा बाईला आडवं झोपवू नये, टेकून बसवावं. तिथे आधी ऑक्सिजन आणि फुप्फुसातलं पाणी लघवीवाटे काढणारं फ्युरोसेमाइड. रक्तदाब सावरला की एनालाप्रिल आणि मेटोप्रोलॉल. एनालाप्रिल पोटातल्या बाळाला घातक, पण बाळंतपणानंतर अंगावर पाजणाऱ्या आईला देता येतं. हृदय फार दुबळं झालं असेल तर आत गुठळ्या होतात, म्हणून हेपॅरिन. रक्तदाबच टिकेना, तर काही दिवस हृदयाचं काम एक्मो यंत्रावर सोपवावं लागतं.

खरा पेच ब्रोमोक्रिप्टिन या औषधाचा. दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनचा एक तुकडा हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतो, असं जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं. हे औषध प्रोलॅक्टिनच थांबवतं. दक्षिण आफ्रिकेत २० बायकांवर चाचणी झाली. औषध मिळालेल्या दहापैकी एक दगावली, न मिळालेल्या दहापैकी चार. आकडा लहान आहे, म्हणून डॉक्टरांत अजून एकमत नाही. औषधाने दूध आटतं, गुठळ्यांची भीती वाढते, त्यामुळे हेपॅरिन सोबत हवंच. तरीही आईचा जीव टांगणीला असताना ‘दूध तोडलं’ म्हणून तिला कुणी बोल लावू नये. बाळाला वरचं दूध देता येतं.

वेळेवर उपचार झाले तर निम्म्याहून अधिक जणींचं हृदय सहा महिने ते वर्षभरात पूर्ववत होतं. मात्र पुढच्या गरोदरपणात आजार उलटू शकतो, अगदी इको चांगला आला तरी. दुसऱ्या मुलाची बोलणी घरात सुरू होण्याआधी नवरा-बायकोने हृदयरोगतज्ज्ञांना भेटावं, आणि तोवर इस्ट्रोजेन नसलेलं गर्भनिरोधक वापरावं.