गाडीची ताकद वाढली, पण ब्रेकचे काय?

अमेरिकेत १९६४ साली पॉन्टियाकने जीटीओ ही गाडी आणली आणि मोठ्या व्ही-८ इंजिनाच्या ‘मसल कार’ गाड्यांना जोर आला. शेव्हेल एसएस, कॅमारो झेड-२८ या त्याच जातीच्या. हौशी लोक त्या आजही जपतात आणि त्यांच्या सुट्या भागांवर तिकडे चांगला धंदा चालतो. त्यातला एक आवडता भाग म्हणजे जादा ताकदीचा कॅमशाफ्ट. तो बसवताना कुठे गफलत होते, हे आपण पाहू.

कॅमशाफ्ट व्हॉल्व्हची उघडझाप करतो. जादा ताकदीचा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो. त्यामुळे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकदम उघडे राहण्याचा काळही वाढतो. इंजिन जोरात फिरताना यामुळे सिलिंडर चांगला भरतो. स्लोवर मात्र जळालेला वायू उलटा इनटेकमध्ये शिरतो आणि तिथला व्हॅक्यूम पडतो. चांगल्या स्थितीतल्या मूळ इंजिनाचा गेज स्लोवर साधारण १७ ते २१ इंच दाखवतो. मोठ्या कॅमवर तो १० इंचांवर, कधी त्याहूनही खाली येतो.

इथेच खरा धोका आहे. पॉवर ब्रेकचा बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो. व्हॅक्यूम निम्मा झाला की बूस्टरची मदतही जवळपास निम्मी होते. सिग्नलपाशी दोन-तीनदा ब्रेक दाबला की पेडल दगडासारखे होते आणि एवढी जड गाडी नुसत्या पायाच्या जोरावर थांबवावी लागते.

इतर भागही बिघडतात. १९६८ च्या जीटीओत झाकणाआड दडणारे हेडलाइट मिळत. ती झाकणे व्हॅक्यूमवरच उघडत. होली कार्बोरेटरमध्ये ६.५ आकड्याचा पॉवर व्हॉल्व्ह असेल आणि स्लोचा व्हॅक्यूम त्याखाली गेला, तर तो सतत उघडा राहतो. मग पेट्रोल जास्त जाते आणि प्लग काळे पडतात.

उपाय आहेत. व्हॅक्यूमची टाकी बसवता येते, पण ती एक-दोन ब्रेकपुरतीच कामी येते. विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप अधिक भरवशाचा. डिझेल इंजिनात असा व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून आपल्याकडच्या अनेक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे पंप असतो. तोच विचार इथेही लागू पडतो. तिसरा मार्ग म्हणजे पॉवर स्टीअरिंगच्या तेलाच्या दाबावर चालणारा बूस्टर. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मुळातच बेताचा कॅम निवडणे.

आमच्या मते, दुकानदाराने कॅम विकण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: ब्रेक पॉवरचे आहेत का? आज गेज किती दाखवतो? मिस्त्रीनेही काम झाल्यावर गेज पुन्हा लावावा; ऑटोमॅटिक गाडी असेल तर ब्रेक दाबून, गिअरमध्ये ठेवून. गिऱ्हाईक आवाजावर खूश होऊन गाडी नेईल, पण पहिल्याच उतारावर त्याला ब्रेक लागला नाही, तर दोष आपल्याच हाताचा.