मुनिरका, पालघर आणि मधले काही तास

दिल्लीत मुनिरका म्हटलं की मराठी माणसाला जेएनयू आठवतं. तिथल्याच बाबा गंगनाथ मार्गावर राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था आहे आणि तिच्या आवारात राष्ट्रीय आरोग्य अभियानाला तांत्रिक साहाय्य करणारं केंद्र. इथे एकही ऑपरेशन होत नाही. ती होतात काही किलोमीटरवरच्या एम्समध्ये. तरी तान्ह्या बाळांच्या हृदयशस्त्रक्रियेची गोष्ट मला मुनिरक्यापासून सांगावीशी वाटते. शस्त्रक्रियेचं कसब देशात आहे. बाळ वेळेत सर्जनपर्यंत पोचतं का, हा प्रश्न मात्र कार्यालयांत आणि प्रसूतिगृहांत सुटायचा आहे.

हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. ‘हृदयाला भोक’ ऐकून घर हादरतं. पण लहान भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात, काहींचं ऑपरेशन महिन्यांनी, वर्षांनी केलं तरी चालतं. खरी घाई असते ती महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांची जागा उलटलेल्या बाळाची. त्याचं शुद्ध रक्त फुप्फुसांकडेच परत फिरतं, अशुद्ध रक्त शरीरभर. पोटात असताना उघडी असलेली एक छोटी वाहिनी आणि वरच्या कप्प्यांमधली फट यांतून रक्त थोडंफार मिसळतं, तेवढ्यावर बाळ तगतं. जन्मानंतर ती वाहिनी मिटू लागते. वजन चांगलं, नाकडोळे छान आणि ओठ मात्र निळे.

अशा वेळी प्रोस्टाग्लँडिनचं औषध शिरेतून सुरू करून वाहिनी उघडी ठेवतात. फट अपुरी असेल तर फुग्याच्या कॅथेटरने मोठी करतात. ही युक्ती विल्यम रॅशकिंड यांनी 1966 मध्ये मांडली. मग मुख्य ऑपरेशन. ब्राझीलच्या आदिब जातेने यांनी 1975 मध्ये ते यशस्वी केलं. दोन्ही धमन्या कापून अदलाबदल करायची, हे ऐकायला सोपं; अवघड आहे ते हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या वाहिन्या उचलून नव्या जागी शिवणं. त्यात एखादी पिळली की हृदयाचा तेवढा भाग उपाशी. शिवाय उशीर परवडत नाही. डावा कप्पा फुप्फुसांच्या कमी दाबाला सरावला की त्याचा स्नायू ढिला पडतो आणि मग शरीरभर रक्त ढकलायचा भार त्याला पेलत नाही. म्हणून ऑपरेशन पहिल्या काही आठवड्यांतच बरं.

पण त्यासाठी बाळ आधी सापडायला हवं. राष्ट्रीय आरोग्य अभियानातला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्या पालघरहून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तपासणी आणि पुढचे उपचार मोफत, यादीत जन्मजात हृदयदोषही. पथकं अंगणवाडीत, शाळेत जातात. योजना मोलाची आहे, पण धमन्या उलटलेलं बाळ अंगणवाडीपर्यंत थांबत नाही. त्याला प्रसूतिगृहातच गाठावं लागतं.

त्यासाठी लागतो पल्स ऑक्सिमीटर. कोविडात घराघरांत आला तोच, फक्त तान्ह्यांसाठीचा सेन्सर हवा. जन्मानंतर चोवीस तासांनी उजवा हात आणि एक पाय तपासायचा. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा 90 टक्क्यांच्या खाली गेला तर तातडीने डॉक्टर. त्याहून वर पण पुरेसा नसेल किंवा हातापायात तीनहून जास्त फरक असेल तर पुन्हा मोजणी आणि गरजेनुसार टू-डी इको. महाधमनी आखडलेली असेल तर ती कधी कधी या यंत्राला चकवते. त्यासाठी बाळाच्या जांघेतली नाडी बोटांनी चाचपावी लागते.