जुन्या डीएसएलआरवर शटर एरर आला? कॅमेरा लगेच भंगारात काढू नका

कपाटातला जुना डीएसएलआर बाहेर काढला, बटण दाबलं आणि स्क्रीनवर ‘एरर’! घाबरू नका. आधी कारण शोधूया.

मोबाईलमधला ‘खटक’ हा नुसता आवाज असतो. डीएसएलआरमध्ये मात्र प्रत्येक फोटोला सेन्सरसमोरचे दोन पडदे खरोखर सरकतात, त्यामुळे ते झिजतात. निकॉन डी९० चं शटर १ लाख फोटोंपर्यंत तपासलेलं आहे, कॅनन ५डी मार्क २ चं दीड लाख. पण ही काही हमी नव्हे. काही शटर आधीच जातात, काही त्यापुढेही चालतात.

एरर आल्यावर काय कराल?

१. कॅमेरा बंद करून बॅटरी काढा आणि पूर्ण चार्ज करून परत बसवा.
२. लेन्सच्या मागचे धातूचे ठिपके मऊ, कोरड्या कापडाने पुसा. जमल्यास दुसरी लेन्स लावून बघा.
३. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून पांढऱ्या भिंतीचे १/४००० सेकंदावर दहा फोटो काढा. एलईडी दिव्याखाली नको, तिथे चांगल्या शटरलाही पट्टे दिसू शकतात.

फोटोच्या एका कडेला काळा पट्टा आला, तर पडदे नीट सरकत नाहीयेत. कॅननच्या बऱ्याच मॉडेलवर ‘एरर ३०’ म्हणजे शटरचाच बिघाड.

पडद्यांना बोट लावू नका, हवेचा फवाराही मारू नका. शटर बदलून मिळतं, पण आधी खर्च विचारा. तेवढ्यात सेकंडहँड बॉडी मिळत असेल, तर तीच घ्या. लेन्स जुनीच चालेल.

आणि हो, दहापैकी एका फोटोत जरी पट्टा दिसला, तरी ताईच्या लग्नात या कॅमेऱ्याच्या भरवशावर राहू नका!