कामाला जागा हवी, तीही घराजवळ

वर्धा : पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे) ही वर्धा शहराला खेटून असलेली गावे. कारभार ग्रामपंचायतीचा, पण २०११ च्या जनगणनेत त्यांची नोंद ‘जनगणना शहर’ अशी झाली. पाच हजारांवर वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी शेकडा ७५ जण शेतीबाहेर, असा तो निकष आहे. शेती मागे पडली, लेआउट पडले. नवे काम मात्र वस्तीत आले नाही. ते शहरात, सावंगी-सेवाग्रामच्या रुग्णालयांत किंवा सुमारे ७५ किलोमीटरवरच्या नागपुरात राहिले.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने हे चित्र काही काळ उलटवले. पुण्या-हैदराबादेतील नोकऱ्या घरच्या टेबलावर आल्या. पण दोन खोल्यांच्या घरात कुकरची शिट्टी, मुलांची ऑनलाइन शाळा आणि साहेबांची बैठक एकत्र नांदत नाही. ऐन पावसाळ्यात वीज गेली की इंटरनेटही जाते. याचा जाच घरून काम करणाऱ्या महिलांना अधिक, कारण घरी असलेली बाई मोकळीच आहे, असा घरच्यांचा समज असतो.

यावरचा उपाय राज्यभरातील छोट्या शहरांत आधीच रुजला आहे. स्पर्धा परीक्षांची मुले ‘अभ्यासिके’त महिन्याचे शुल्क भरून टेबल, वायफाय आणि शांतता घेतात. नोकरदाराला याहून फारसे वेगळे काय लागते?

काम माणसाच्या दारी न्यावे, हा विचार वर्ध्याला नवा नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र येथील मगनवाडीत होते आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव होते. त्याच परिसरात आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. त्या काळी घाणी आणि हातकागद होता, आता लॅपटॉप आहे. जागेचा प्रश्न मात्र तोच.

डिसेंबर २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तिच्या मर्यादित भागावर वाचनालय, व्यायामशाळा, पाळणाघर यांना परवानगी मिळते. अनेक ठिकाणी या जागेवर गवतच वाढते. सामायिक कार्यालयासाठी वेगळा नियम होईपर्यंत विजेची पर्यायी सोय असलेले वाचनालय आणि शेजारी पाळणाघर, एवढे तरी ग्रामपंचायत आणि रहिवाशांना आजच्या नियमांत उभारता येईल.