शरीराची स्वतःची ठेव

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. त्या संकटकाळी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि त्यांपासून लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आजही त्यांचे नाव धारण करून उभी आहे.

मेलेले जंतू जिवंत जंतूंपासून रक्षण कसे करतात? रोगजंतूच्या अंगावर विशिष्ट खुणा असतात. लसीतून त्या खुणांची ओळख पटली की रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात. त्यांपैकी काही पेशी ही ओळख स्मरणात जपतात. पुढे खरा जंतू शिरला, तर शरीराची फौज विनाविलंब सज्ज होते.

ही ओळख करून देण्याच्या रीती अनेक आहेत. गोवर आणि क्षयाविरुद्धची बीसीजी या लसींत जिवंत परंतु दुर्बल केलेले जंतू असतात. रेबीजच्या लसीत निष्क्रिय केलेले विषाणू असतात. धनुर्वात व घटसर्पाच्या लसींत जंतूंचे निर्विष केलेले विष असते, तर ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या लसीत विषाणूचे केवळ एक प्रथिन असते.

या सर्व लसींनी मिळणारे संरक्षण शरीराने स्वतः कमावलेले असते. ती जणू मुदत ठेवच. जमायला वेळ लागतो, पण दीर्घकाळ उपयोगी पडते. काही ठेवींचे मात्र वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. धनुर्वाताची पुरवणी मात्रा त्यासाठीच असते.

दुसरे संरक्षण उसने असते. त्यात तयार प्रतिपिंडेच दिली जातात. ती तत्काळ कामी येतात, परंतु काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संपून जातात. गर्भवतीला धनुर्वाताची लस दिली की तिची प्रतिपिंडे गर्भाला लाभतात; नवजात बालकासाठी ते मातेचे पहिले देणे होय.

पिसाळलेले कुत्रे चावून रक्त आले, तर दोन्ही संरक्षणांची गरज भासते. जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व लगेच रुग्णालय गाठावे. पूर्वी लस न घेतलेल्या रुग्णाच्या जखमेत व भोवती तयार प्रतिपिंडे टोचतात आणि त्याच दिवशी लसही सुरू करतात. लसीची ठेव जमेपर्यंत हे उसने बळ विषाणूला थोपवून धरते.

जखम भरली म्हणून उरलेल्या मात्रा टाळणे जिवावर बेतू शकते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. उसने बळ सरण्यापूर्वी स्वतःची ठेव पूर्ण व्हावी, यासाठी प्रत्येक मात्रा ठरलेल्या दिवशीच घेतली पाहिजे.